अंगणापलीकडचा टपालव्यवहार

आमच्या घरात देवाच्या खालोखाल कोणाचा शब्द चालत असेल, तर तो डॉन प्लासिदो बेसेर्रा यांचा. त्यांना आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेलं नव्हतं. ते समुद्रापलीकडे, स्पेनमधल्या ला कोरून्या बंदरात राहायचे, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून बाबांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. आम्ही ब्यूनस आयर्सहून गुरांची वाळवलेली कातडी, चरबी आणि शिंगं पाठवायची, त्यांनी तिकडून कापड, कागद आणि लोखंडी सामान पाठवायचं, असा धंदा. मालाबरोबर पत्र यायचं. पत्रात मालाबद्दल थोडं असायचं आणि उपदेश पुष्कळ.

बाबांना तो उपदेश फार आवडायचा. डॉन आंब्रोसियो सेओआने म्हणजे बाजारात कोणाला न वाकणारा माणूस, पण घरात काही ठरवायचं म्हटलं की म्हणणार, "डॉन प्लासिदोंना लिहून विचारू." उत्तर यायला सात-आठ महिने लागायचे. एकदा आईने दुधाला गाय घेऊ या म्हणून हट्ट धरला. बाबांनी लिहून विचारलं. आईने वाट न बघता गाय आणली. शहरात गाय पाळणं व्यापाऱ्याला शोभत नाही, असं उत्तर तिकडून आलं तेव्हा अंगणात दुसरं वासरू उड्या मारत होतं. बाबांनी ते पत्र त्या वासरासमोर उभं राहून गंभीरपणे पुन्हा वाचलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं.

पत्रं लिहायची मी. बाबांचं अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. त्यामुळे मला नीट लिहिता येऊ लागलं तसं त्यांनी मला टेबलापाशी बसवलं. ते येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लिहायची. शेवटी थोडी जागा उरली तर मी आपल्या मनाने एखादी ओळ घालायची, की यंदा अंजिरं चांगली आली, की आईने इथल्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या शिंप्याशी भांडण केलं. बाबा सही करताना शेवटच्या ओळी वाचत नसत.

मी बावीस वर्षांची झाले त्या सुमाराला लिनो आरियोलाने मला मागणी घातली. लिनोच्या वडिलांची चास्कोमुसकडे मोठी कुरणं होती, आमची निम्मी कातडी तिथूनच यायची. मुलगा इथेच जन्मलेला, घोड्यावर वाढलेला, बोलायला मोकळा. आईला पसंत होता. मला तर होताच. बाबांनी अर्थातच मला समोर बसवून डॉन प्लासिदोंना पत्र लिहायला सांगितलं, आणि माझ्याच लग्नाबद्दलचा प्रश्न मी माझ्याच हाताने, शुद्धलेखन सांभाळून लिहिला.

उत्तर आलं ते १८०९ सालच्या मार्चमध्ये. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की इंग्रज आता आपले मित्र झाले असले तरी गिऱ्हाईक झालेले नाहीत. कातडी सडली तरी चालेल, पण त्यांना विकू नये. दुसरी माझ्याबद्दल होती. ती मला अजून पाठ आहे. "माल आणि मुलगी," त्यांनी लिहिलं होतं, "दोन्ही भाव चढेपर्यंत वखारीत ठेवावी."

आईने ते पत्र ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटली.

तरीही मी आणि आईने मिळून बाबांना वळवलं असतं. पण बाबांनी त्या पत्राला उत्तर धाडलं आणि पाठोपाठ बातमी आली, की फ्रेंच फौजेने ला कोरून्या घेतलं. गावात लूट झाली, बंदर जळलं, पुष्कळ माणसं मेली. डॉन प्लासिदोंचं पुढे काहीच कळेना. दोन-तीन महिने वाट पाहून बाबांनी काळे कपडे घातले आणि सान फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितला. घरी येऊन ते मला म्हणाले, "मेल्चोरा, आता तर तो मेलेल्या माणसाचा शब्द झाला. तो मोडता येणार नाही."

अशी मी वखारीत राहिले. कातडीही राहिली.

स्पेनहून जहाज येईना. मागची वखार भरली, मग मागचं अंगण, मग पाहुण्यांची खोली. ऑक्टोबरात इकडचा उन्हाळा जवळ आला तशी कसर लागली. रोज सकाळी सगळ्यांनी काठ्या घेऊन कातडी झोडपायची, की किडे पडावेत. वास इतका, की शेजारच्या डोन्या इसिद्रा आमच्याकडे बसायला यायच्या त्या बंद झाल्या. आईच्या मते एवढा एकच त्या वासाचा फायदा. लिनो मात्र दर पंधरवड्याला आणखी एक गाडी कातडी घेऊन यायचा. बाबा म्हणायचे, अरे बाबा, जागा नाही. तो म्हणायचा, गुरं काही माझं ऐकत नाहीत, डॉन आंब्रोसियो. गाडी रिकामी व्हायला संध्याकाळ व्हायची आणि तेवढ्यात आमचं बोलणं व्हायचं, कातड्यांच्या थप्पीच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो.

नोव्हेंबरात व्हाइसरॉयनेच हात टेकले. तिजोरी रिकामी होती, म्हणून इंग्रज जहाजांना व्यापार करायची परवानगी मिळाली. अट एवढीच, की त्यांनी इथल्या एखाद्या व्यापाऱ्यामार्फत माल विकावा आणि घ्यावा. सगळ्या बाजारात धावपळ सुरू झाली. बाबांनी त्या परवानगीविरुद्धच्या अर्जावर सही केली होती. दोन वर्षांपूर्वी इंग्रज शहरात घुसले तेव्हा गॅलिशियन, म्हणजे ला कोरून्याच्या प्रांतातून आलेल्यांच्या, पलटणीत राहून त्यांनी पोटरीत गोळी खाल्ली होती, ती अजून थंडीत दुखायची. त्यात मेलेल्या मित्राचा शब्द. आईने नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अहो, तिकडे गाव फ्रेंचांनी घेतलं. इकडे आपलं घर कसरीने घेतलं. निदान एका ठिकाणी तरी लढा."

बाबा काठी उचलून कातडी झोडपायला गेले.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. दुपारी बाबा झोपले होते. मी मागे कातड्यांच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या बांधत होते. स्वयंपाकघरातून डोमिंगाचा आवाज आला, ती कोणाला तरी आग्रह करत होती. डोमिंगा आमच्या घरची गुलाम. आईच्या माहेराहून आलेली, आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. संध्याकाळी ती चौकात स्वतः केलेल्या, मांसाचं सारण भरलेल्या एम्पानादा विकायची आणि त्यातला तिचा वाटा आपल्या सुटकेसाठी बाबांच्या पेटीत साठवायची.

आत जाऊन पाहिलं तर एक बुटका, टकला, गोल चेहऱ्याचा माणूस बाकावर बसून लोक्रो खात होता. अंगात इंग्रज खलाशाचं जाकीट, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. पायांपाशी दोरीने बांधलेली एक लाकडी पेटी. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला, कारण आमच्या उथळ नदीत जहाजापासून काठापर्यंत बैलगाडीतून यावं लागतं आणि गाडीवाले नवख्या माणसाला नेमके चिखलात उतरवतात.

डोमिंगा म्हणाली, "मालकांना भेटायचंय म्हणतायत. म्हटलं, मालक झोपलेत, तोवर जेवा. दुसरं ताट चाललंय."

"मका आणि भोपळा एकत्र शिजवायचं कोणाला सुचलं असेल," तो माणूस म्हणाला. "त्याला संत करायला हवं."

मग त्याने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली. ताट बाजूला ठेवलं. हात जाकिटाला पुसून त्याने ती चिठ्ठी घेतली आणि डोळ्यांजवळ धरली.

"हे अक्षर," तो म्हणाला, "माझ्या ओळखीचं आहे. अंजिरं कशी आहेत यंदा?"

मला पहिल्यांदा सुचलं ते इतकंच, आणि ते मी बोलून गेले. "आम्ही तुमच्यासाठी मिस्सा घातला."

"मग तो पावला म्हणायचा," डॉन प्लासिदो म्हणाले, आणि ताट पुन्हा पुढे ओढलं.

बाबांना उठवून आणलं तर ते मानायलाच तयार नव्हते. त्यांच्या मनातले डॉन प्लासिदो उंच होते, करड्या दाढीचे होते, हळू आणि कमी बोलणारे होते. त्यांनी या माणसाला मधल्या खोलीत उभं करून उलटतपासणी घेतली. सत्त्याण्णव सालच्या गहाळ झालेल्या मालात काय होतं, पहिल्या पत्राची पहिली ओळ काय होती. त्या माणसाने सगळं बरोबर सांगितलं. मग कागदावर सही करून दाखवली, तीच ती खाली लपेटदार रेघ काढलेली. बाबा सहीकडे पाहत राहिले, नंतर त्यांना मिठी मारून इतके रडले, की डोमिंगाने पाणी आणलं.

हकिकत अशी होती. फ्रेंच येत असताना इंग्रज फौज ला कोरून्याहून जहाजांत चढत होती. त्या गोंधळात डॉन प्लासिदो पेटी घेऊन एका जहाजात शिरले आणि प्लिमथला पोहोचले. तिथे एका खानावळवाल्या बाईकडे राहिले, तिचे हिशेब लिहून दिले, इंग्रजी शिकले. ब्यूनस आयर्सला निघालेलं एक जहाज मिळताच त्याच्या कप्तानाला म्हणाले, मला न्या, तिथे माझा एक मित्र आहे. कप्तानाचं नाव टोबायस पेनॉक. त्याच्या जहाजात कापड आणि चिनी मातीची भांडी होती, परतीला त्याला कातडी हवी होती, आणि इथला एखादा भला व्यापारी हवा होता.

रात्री जेवण झाल्यावर बाबा सरळ बसले. म्हणाले, परिस्थिती अशी अशी आहे, आपण समक्ष आला आहात, तर आपला सल्ला द्या.

डॉन प्लासिदो संत्रं सोलत होते. "विका की," ते म्हणाले. "पेनॉक बरा माणूस आहे. आणि आंब्रोसियो, या वासात माणूस झोपतो कसा?"

बाबांचा चेहरा पडला. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या लग्नाचं विचारलं.

"मुलगा चांगला आहे का?"

"आहे," आई म्हणाली.

"मग लावा लग्न. मी असेपर्यंत लावा, मला नाचायला आवडतं."

बाबा उठून गेले. नंतर आईला म्हणाले, हे डॉन प्लासिदो खरे, पण हालअपेष्टांनी त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. पत्रातले डॉन प्लासिदो असं कधीच म्हणणार नाहीत. ते बरे होईपर्यंत त्यांनी पूर्वी जे लिहिलं आहे तेच धरून चालायचं.

पुढचे काही दिवस विचित्र गेले. पाहुण्यांच्या खोलीत कातडी होती म्हणून डॉन प्लासिदोंना अंगणापलीकडची छोटी खोली दिली. ते दिवसभर हिंडायचे, डोमिंगाबरोबर एम्पानादा भरायचे, वासराशी खेळायचे, लिनो आला की त्याच्याकडून घोड्यांबद्दल ऐकायचे. बाबा त्यांना फार मानाने वागवायचे आणि एक शब्द ऐकायचे नाहीत. इकडे पेनॉकचा निरोप आला, की दुसरी एक पेढी त्याच्याशी बोलायला तयार आहे आणि तो फार थांबू शकणार नाही.

आई, मी आणि पाहुणे असे आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. डॉन प्लासिदो पहिल्यांदाच खिन्न दिसत होते. म्हणाले, पंचवीस वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक शब्दाप्रमाणे चालला, आणि आता मी समोर आहे तर ऐकत नाही.

आई 'माते' या पानांच्या चहाचे घोट नळीतून घेत होती. तिने भांडं खाली ठेवलं.

"ते तुमचं ऐकत कधीच नव्हते, डॉन प्लासिदो. वाचत होते. मग लिहा ना."

डॉन प्लासिदोंनी बाह्या वर सरकवल्या. मग मला म्हणाले, कागद आण.

पण ते जमेना. पहिलं पत्र त्यांनी लिहिलं त्यात तीन ठिकाणी विनोद होते आणि एम्पानादांची तारीफ. आई म्हणाली, यावर ते सही बघणारसुद्धा नाहीत. दुसरं आणखी गोड झालं. शेवटी डॉन प्लासिदोंनी कबूल केलं, की ती सगळी कडक पत्रं त्यांनी थंडीत, एका ओलसर खोलीत, पोट बिघडलेलं असताना लिहिली होती. इथे त्यांना रोज चांगलंचुंगलं मिळत होतं, ऊन होतं. भाषेला धार येणार कुठून?

"मग उपास करा," डोमिंगा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

त्यांनी केला. सकाळपासून खोलीचं दार लावून बसले. दुपारी डोमिंगाने मुद्दाम खिडकीखाली कांदा परतला. आतून टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर लेखणीचा जो करकर आवाज सुरू झाला तो थांबेना. संध्याकाळी त्यांनी लाखेची मोहोर लावलेला लिफाफा आईच्या हातात दिला आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन नुसती भाकरी खात बसले.

आईने तो डोमिंगाला देत सांगितलं, मागच्या दाराने बाहेर जा, चौकाला वळसा घाल आणि पुढचं दार वाजव, म्हणजे टपाल आल्यासारखं वाटेल. डोमिंगाने मला विचारलं, यात काय आहे? मला माहीत होतं, कारण लाख लावण्यापूर्वी डॉन प्लासिदोंनी मला वाचायला दिलं होतं. मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ लिफाफा हातात धरून उभी राहिली, मग चालू लागली. मला वाटलं ती धावत जाईल, पण ती अगदी सावकाश गेली. जणू वाटेत सांडेल असं काही त्यात होतं.

बाबांनी चष्मा लावून उभ्यानेच ते वाचलं. मोहोर बघून त्यांची पाठ ताठ झाली होती.

"स्वामी आणि मित्र," पत्रात होतं, "आपल्या गेल्या मार्चच्या पत्राचं उत्तर देता आलं नाही, कारण ते ज्या गावी गेलं ते गाव आता आपलं नाही. आपण माल सडवत आहात असं कळतं. माल सडवणं म्हणजे राजनिष्ठा नव्हे. राजा फ्रान्समध्ये कैदेत आहे, त्याला आपल्या कातड्यांचा वास येत नाही; तो आपल्या पत्नीला येतो. व्हाइसरॉयची परवानगी असताना न विकणं हा हट्ट आहे, आणि हट्टी माणसाशी आमची पेढी व्यवहार करत नाही. कॅप्टन पेनॉक यास माल द्यावा.

"आपल्या मुलीबद्दल मी पूर्वी जे लिहिलं ते रद्द समजावं. मला मुलगी नाही. ज्याला मुलगी नाही त्याने वखारीची उपमा द्यायला नको होती.

"तिसरी गोष्ट. आपल्या पेटीत डोमिंगाने जे साठवलं आहे ते तिला परत करावं आणि तिच्या सुटकेचा कागद विनामोबदला करून द्यावा. मी स्वतः नुकताच एका जहाजाच्या तळाशी, दुसऱ्याच्या मर्जीवर, प्रवास करून आलो आहे, तेव्हा यावर वाद घालू नये. कागद होईपर्यंत मला तिच्या हातचं जेवता येणार नाही, आणि हे मला किती जड आहे ते आपण जाणता."

बाबांनी मला हाक मारली. टेबलापाशी बसवलं. येरझाऱ्या घालत उत्तर सांगू लागले. आपलं आजच्या तारखेचं पत्र पावलं. पहिला मुद्दा मान्य, मात्र कॅप्टनने घरात येताना तलवार लावू नये. दुसरा मुद्दा विचाराधीन. तिसऱ्या मुद्द्याबद्दल, घर चालवणं सोपं नाही वगैरे वगैरे. मी ते नेऊन अंगणापलीकडे दिलं. डॉन प्लासिदोंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास केला. त्यांचं दुसरं पत्र चार ओळींचं होतं आणि पहिल्यापेक्षा कडक. बाबांचं उत्तर त्याहून लहान. असं दोन दिवस चाललं, मी अंगण ओलांडून ओलांडून दमले. जेवायच्या वेळी दोघं एकाच टेबलावर बसून हवापाण्याबद्दल बोलायचे. डॉन प्लासिदो नुसती भाकरी खायचे आणि लोक्रोच्या भांड्याकडे पाठ करून बसायचे.

तिसऱ्या दिवशी बाबा पत्र न सांगता स्वतःच अंगण ओलांडून गेले. मी दाराशी होते.

"हे तुम्हीच लिहिता?" बाबांनी विचारलं.

"मीच."

"मग तोंडाने असं का नाही बोलत?"

डॉन प्लासिदोंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते म्हणाले, "आंब्रोसियो, ला कोरून्यात माझ्या घरी माझी बहीण राज्य करायची. देव तिला सुखात ठेवो. दुकानात कारकून मला हसायचे. आयुष्यात माझं तोंडी कोणी ऐकलं नाही. समुद्रापलीकडे एक माणूस होता, तो म्हणायचा, आपल्या सल्ल्याप्रमाणे केलं. मग मी सल्ले देत गेलो. कशाबद्दल देतोय हेही कधी कधी मला माहीत नसायचं. त्या गाईबद्दल मी का नाही म्हटलं, मला आजही सांगता येणार नाही."

त्यांनी पेटीची दोरी सोडली. आम्हाला वाटत होतं, त्यात चांदीची भांडी असतील. पेटीत आमची पत्रं होती, सालवार बांधलेली, वरची सगळी माझ्या अक्षरातली, आणि त्यांच्या तळाशी बाबांच्या स्वतःच्या हाताची, न लागणारी.

"गाव जळत होतं तेव्हा एवढंच उचललं," ते म्हणाले.

बाबा पेटीपाशी वाकले. एक जुनं पत्र उलगडून वाचायचा त्यांनी प्रयत्न केला, पण स्वतःचं अक्षर त्यांना लागलं नाही. मग त्यांनी मला म्हटलं, जा, डोमिंगाला सांग, उद्या नोटरीकडे जायचं आहे. आणि आरियोलांच्या त्या पोरालाही निरोप धाड.

कागद झाला त्या दिवशी डोमिंगाने तो आईकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून चोळीत ठेवला आणि मोठ्या पातेल्यात लोक्रो चढवला. डॉन प्लासिदोंनी तीन ताटं खाल्ली. डोमिंगा त्या महिन्याच्या शेवटापर्यंत आमच्याकडे राहिली, पगार ठरवून, आणि मग चौकाजवळ स्वतःची खोली घेऊन तिने एम्पानादांचं दुकान मांडलं.

कॅप्टन पेनॉक तलवार न लावता आला. लालभडक चेहऱ्याचा, लाजाळू माणूस. डॉन प्लासिदो दुभाषी. बाबांनी आधी पोटरीवरचा व्रण दाखवला, मग दर सांगितला. पेनॉक म्हणाला, त्याचा एक चुलतभाऊ त्या लढाईत होता, याच रस्त्यावर कोणीतरी गच्चीवरून उकळतं पाणी ओतलं आणि बिचाऱ्याचा खांदा भाजला. डॉन प्लासिदोंनी हे स्पॅनिशमध्ये सांगताच आईने विचारलं, रस्त्याच्या कोणत्या बाजूला? पेनॉक म्हणाला, उत्तरेच्या. आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाली, ती मी नव्हे, ती डोन्या इसिद्रा. आणि त्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. आमचं घर कोणत्या बाजूला आहे, हे मला विचारू नका.

कातडी गाड्यांतून नदीकडे गेली त्याला तीन दिवस लागले. लिनो स्वतः गाडी हाकत होता. बाबांनी त्याला नावाने हाक मारली, पहिल्यांदाच. घरातला वास जायला मात्र महिना लागला. एका सकाळी आई पाहुण्यांच्या खोलीत उभी राहून नुसती श्वास घेत होती.

जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर आमचं लग्न झालं. डॉन प्लासिदो सांगितल्याप्रमाणे नाचले, आणि नाचता नाचता खुर्चीला अडकून पडले ते डोन्या इसिद्राच्या मांडीवर. वास गेल्यापासून त्या पुन्हा यायला लागल्या होत्या. पुढे त्या दोघांचं जमलं. बाबांनी यावर सल्ला दिला नाही. त्यांना कोणी विचारलंही नाही.

मग मे महिना आला. स्पेन जवळजवळ सगळं फ्रेंचांच्या हाती गेल्याची बातमी आली आणि शहर ढवळून निघालं. इथे जन्मलेले म्हणू लागले, आता आमचं आम्ही बघू. लग्नानंतर आम्ही बाबांच्याच घरी राहत होतो; लिनो रोज चौकात जायचा, सांजवेळी घसा बसवून यायचा. बाबा स्पेनमध्ये जन्मलेले. त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. जेवताना दोघांचे वाद व्हायचे, आवाज चढायचे, आई मधूनमधून मीठ मागायची.

त्या शुक्रवारी पहाटेपासून बारीक पाऊस होता, थंडी होती; आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. नगरसभेसमोर माणसं जमत होती. लिनो पातळ जाकीट घालून निघाला. बाबा दारात उभे होते. मला वाटलं, ते अडवतील, मी हातातलं काम टाकून पुढे झाले. बाबांनी आत जाऊन आपला जाड लोकरी झगा आणला, गॅलिशियन पलटणीचा, राजाची मुद्रा असलेल्या बटणांचा, आणि लिनोच्या खांद्यावर टाकला.

"मतं तुझी," ते म्हणाले. "पण सर्दी माझ्या मुलीला लागायची."

लिनोने बटणांकडे पाहिलं. झगा त्याला ढगळ होत होता. तो गळ्याशी धरून लिनो कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबा तिथेच उभे होते. मग आत येऊन मला म्हणाले, चौकात उभं राहून पोरांना भूक लागेल, डोमिंगाकडे निरोप पाठव, आज जास्त करायला सांग.